विसर्जनानंतरची बादली

शाडूचा गणपती घडवायच्या कार्यशाळा आता गल्लोगल्ली भरतात. मुलांचे हात बरबटतात, फोटो निघतात, सगळं छानच. पण पर्यावरणाचं म्हणाल, तर खरं काम विसर्जनाला सुरू होतं आणि तोवर उत्साह ओसरलेला असतो. शाडू काही आपल्या नदीकाठची माती नव्हे; आपल्याकडची बरीचशी गुजरातेतून गोण्या भरून येते. नदीत गेली तरी ती नाहीशी होत नाही, तळाशी गाळ होऊन बसते. म्हणून आमच्याकडे विसर्जन बादलीत होतं आणि माती परत काढली जाते. हे खातं मुलांकडे.

मूर्ती अलगद पाण्यात सोडायची आणि मग ढवळायचं नाही. मुलांना हेच सगळ्यात जड जातं. कोरडी माती पाणी ओढू लागते, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. आधी बोटं आणि सोंडेचं टोक सुटतं, मग पोटाचे पापुद्रे ढासळतात. गंमत अशी, की मूर्ती जितकी खडखडीत वाळलेली, तितकी लवकर सुटते. आत ओल राहिलेला गोळा मात्र तसाच घट्ट राहतो, कारण पाणी शिरायला त्यात जागाच नसते. प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्टच वेगळी. भाजलेल्या जिप्समची ती भुकटी पाणी मिळालं की पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते, आणि जिप्सम पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला अमोनियम बायकार्बोनेटची रीत काढावी लागली.

माती तळाशी बसली की वरचं नितळ पाणी हळूच काढून टाकायचं. खालचा लगदा जुन्या ओढणीतून गाळला की दूर्वांच्या काड्या, दोऱ्याचे तुकडे, अक्षता वर राहतात. मग ओढणीची पुरचुंडी बांधून सावलीत टांगायची. बोट दाबल्यावर ठसा उमटला, पण माती बोटाला चिकटली नाही, की मळायला घ्यायची. ही परीक्षा मुलं दर तासाला घेतात, त्यामुळे पुरचुंडीला खळगे पडतात, पण पडू देत.

‘ती माती तुळशीत घाला’ असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. शाडू इतकी बारीक, की वाळल्यावर कुंडीत वर पापडी धरते आणि पाणी खाली मुरतच नाही.

आमची माती ओल्या फडक्यात गुंडाळून दिवाळीपर्यंत डब्यात राहते आणि मग तिचे किल्ल्यावरचे मावळे होतात. न भाजलेल्या मातीचा भाला धरलेला हात वाळताना हमखास तडकतो. त्यामुळे आमच्या गडावरचे सगळे मावळे हात अंगाशी घेऊन उभे असतात. भाला म्हणून खराट्याची काडी, तीही माती ओली असतानाच कुशीत खोचलेली.