बलकाचा रंग

उकडलेलं बटेराचं अंडं दोऱ्याने मधोमध कापलं, की त्या मादीने मागच्या काही दिवसांत काय खाल्लं ते कळतं. पुणे जिल्ह्यातल्या एका शेडवर मी कापलं, तेव्हा आत फिकट गोळा होता आणि त्याभोवती नारिंगी कडं. बलक थराथराने वाढतो. खाद्य बदललं की नवा रंग बाहेरच्या थरात उतरतो.

मका महागला म्हणून मालकाने खाद्यात तांदळाची कणी वाढवली होती. अंडी तेवढीच येत होती, कवचावरचे ठिपकेही तसेच, कारण ठिपक्यांचा रंग पक्षी स्वतःच्या शरीरात बनवतो. बलकाचा पिवळा रंग त्याला बनवता येत नाही. तो मक्यातल्या ल्युटीन आणि झियाझँथिनमधून येतो, कणीत तो जवळजवळ नसतोच. हॉटेलवाल्याने फिकी अंडी परत केली.

मग झेंडू आला. पाकळ्या सावलीत वाळवायच्या, उन्हात रंग उडतो. पण झेंडू पिवळेपणाच वाढवतो. नारिंगी झाक हवी तर लाल रंगद्रव्य लागतं. ते लाल मिरचीतून मिळतं, आणि तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. गाजराचा मात्र फारसा उपयोग नाही, त्यातल्या बीटा-कॅरोटीनचं बरंचसं अ जीवनसत्त्व होऊन जातं.

दुसरा मार्ग कारखान्यात बनवलेल्या कँथाझँथिनचा. ते किलोला काही मिलिग्रॅमच लागतं, म्हणून आधी मूठभर भरड्यात, मग घमेल्यात, मग ढिगात कालवायचं. गुठळी राहिली तर एका पिंजऱ्यातली अंडी गडद, शेजारची फिकी. त्वचेला रंग यावा म्हणून कँथाझँथिनच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्या माणसांच्या दृष्टिपटलावर त्याचे स्फटिक साठल्याचं आढळलं होतं. त्यानंतर २००३ मध्ये युरोपीय संघाने अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोला ८ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मर्यादेत राहिलं तर मला त्याची भीती वाटत नाही. गडद बलक दाखवून अंडं ‘गावरान’ म्हणून विकणं, ही मात्र सरळ फसवणूक आहे. रंगावरून खाद्यातली रंगद्रव्यं कळतात, पक्षी कसा वाढवला ते कळत नाही.

या मालकाने झेंडू आणि मिरची निवडली. बटेराच्या अंड्याचा आतला पापुद्रा चिवट, म्हणून तो कात्रीने टोक कापून बलक पांढऱ्या बशीत काढतो आणि खिडकीच्या उजेडात रंगपट्टीशी ताडून पाहतो. हॉटेलवाल्याला तो आता खाद्यात काय घातलंय ते सांगतो, आणि मिरचीचा भाव चढला तर रंग थोडा उतरेल, हेही.