किती लाइनी पुरतात?

समजा, खामगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये ऐन कापूस हंगामात तासाभरात ३० फोन आले आणि प्रत्येक सरासरी ४ मिनिटे चालला. बोलणे झाले १२० मिनिटे, म्हणजे २ अर्लांग. एक लाइन तासभर अखंड गुंतली की १ अर्लांग. नाव कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या डॅनिश गणितज्ञाचे, किती फोन परततील हे सांगणारे त्याचे सूत्र १९१७चे.

मग २ लाइनी पुरतील? छे! फोन थोडेच रांगेत येतात? त्या सूत्राप्रमाणे शंभरातल्या ४० जणांना एंगेज टोन ऐकू येईल. ४ लाइनींवर साधारण १०, तर ६ लाइनींवर जेमतेम एकाला.

दिवसाची सरासरी फसवी, गर्दीचाच तास मोजावा. सगळ्या लाइनी गुंतल्यावर परतलेले फोन ईपीएबीएक्सच्या (आपल्याकडच्या अंतर्गत एक्सचेंजच्या) नोंदीत सहसा नसतातच. तो आकडा टेलिफोन कंपनीकडे मागावा.