टाकीत आलेला पाहुणा कोण?

मंडळी, आजचा विषय काचेच्या एका टाकीतला आहे, पण बोलता बोलता आपण गोदावरीपर्यंत जाणार आहोत.

गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. तिथून आम्ही पाणवनस्पतीच्या दोन जुड्या आणल्या, नळाखाली हलवल्या आणि नव्या टाकीत लावल्या. टाकीत मासे नव्हतेच. पाणी मुरायला ठेवलं होतं. साधारण दोन आठवड्यांनी घरातल्यांनी हाक मारली, "अहो, यात काहीतरी हलतंय!" बघतो तर दोऱ्याच्या तुकड्याएवढं पिल्लू. म्हणजे नुसते दोन डोळे आणि शेपटी.

अशा वेळी रंगरूप बघण्याआधी मासा आला कुठून ते शोधावं. अर्धं उत्तर तिथेच मिळतं. दुकानातून आणलेल्या एकट्या गप्पी मादीला पिल्लं झाली, तर चमत्कार समजू नका. नराचं बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. पण गप्पी आणि गंबुशिया अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. वनस्पतीला चिकटलेल्या अंड्यातून ते येऊ शकत नाहीत. आमच्या जुड्या चांगल्या निथळलेल्या होत्या, त्यामुळे आलं असेल ते अंडंच.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. पाच मिलिमीटरच्या पिल्लाचा फोटो पाठवून "जात सांगा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. या वयात जाणकारही हात टेकतात. मासा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा होऊ द्या. मग एक फोटो बाजूनं काढा आणि एक वरून. वरून काढायला लोक हमखास विसरतात, आणि आमच्या पाहुण्याची ओळख तिथेच पटली. सपाट डोक्यावर मधोमध चांदीसारखा चमकता ठिपका! बाजूनं पाहिलं तर तोंड वर वळलेलं, पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ. हा पँचॅक्स, म्हणजे आपल्याकडचाच किलीफिश. त्याची अंडी वनस्पतीला चिकटतात आणि साधारण दोन आठवड्यांत फुटतात. हिशेब जुळला.

गंबुशियाचंही तोंड वर वळलेलंच असतं, म्हणून घोटाळा होतो. पण त्याच्या डोक्यावर तो चमकता ठिपका नसतो आणि शेपटीवर बारीक काळे ठिपके असतात. तो मूळचा अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आणला. अळ्या तो खातोच, पण इतर माशांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपण मात्र त्यालाही सरसकट 'गप्पी' म्हणून मोकळे होतो.

नाव बरोबर कळणं का महत्त्वाचं, ते आता बघा. नको झालेला मासा लोक 'सोडून देतात', वर पुण्य केल्यासारखं समाधानही मानतात. दुकानात टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याचे काटे जाळी फाडतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. आपल्या नाशकात तर जपण्यासारखं बरंच आहे. देवळालीच्या दारणा नदीतून होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी. तो आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी नांदूरमध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळी पोचतं. रामकुंडाजवळ सोडलेला मासा रामकुंडाजवळच राहत नाही.

मग कुणी म्हणेल, तुमचा पँचॅक्स तर इथलाच, त्याला ओढ्यात का सोडला नाही? पुढे त्याच टाकीत आम्ही दुकानातले मासे आणले, आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही आला होता. तो रोग ओढ्यात कशाला पोचवायचा? म्हणून तो आमच्याकडेच आहे. टाकीवर झाकण मात्र घट्ट ठेवावं लागतं, उडी फार लांब मारतो.