वेग हवा की नोंद?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा नदीने कारधा येथे धोक्याची पातळी ओलांडली. महापुरात वीजही जाते. अशा वेळच्या पाणीपातळीच्या नोंदी क्यूईएमयू या एम्युलेटरच्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवायच्या, तर डिस्कचा कॅशे मोड कोणता?

‘राइटबॅक’मध्ये डेटा होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, रॅममध्ये पोचताच ‘लिहून झालं’ असा निरोप मिळतो. चाचणीतले आकडे झकास दिसतात ते त्यामुळेच. पण फ्लश होण्याआधी, म्हणजे डेटा डिस्कवर उतरण्याआधी, वीज गेली, तर ताज्या नोंदी गेल्याच. ‘राइटथ्रू’ प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. वाचन चपळ, लेखन मंद.

‘नन’ होस्टची कॅशे टाळतो; डिस्कची स्वतःची मात्र चालूच राहते.

‘अनसेफ’ तर फ्लशचा हुकूमही धुडकावतो. त्याचा वेग इतरांच्या रांगेत मांडणंच गैर. तात्पुरत्या चाचणी-मशीनला तो ठीक.