पौषातली अळी

शिरूर किंवा दौंड तालुक्यात बांधाने थोडे चालले की रुई दिसतेच. मुरमाड जमिनीत, कमी पावसात ती तग धरते आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी तिची पाने खुडून आणतात. त्या पानांबरोबर कधी कधी एक अळीही घरात येते. तिच्या अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे असतात आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी. अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरू तिचे जवळचे नातलग. दोघांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच, ‘डॅनस’.

भाद्रपद-आश्विनात ही अळी बरणीत ठेवली तर साधारण महिन्याभरात फुलपाखरू उडते. मार्गशीर्ष-पौषात मात्र दिवसामागून दिवस जातात आणि अळी तेवढीच दिसते. मुले विचारतात, “बाई, ही खातच नाही. मरणार का?” मग कोणी बरणी दिव्याखाली ठेवते, कोणी उन्हात. अशा वेळी अळी बहुधा आजारी नसते. तिला थंडी वाजत असते, एवढेच.

थंडी ‘वाजते’ म्हणजे नेमके काय होते? आपले शरीर स्वतःचे तापमान टिकवून धरते. अळीचे तसे नाही. हवा गार झाली की तिच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया मंदावतात. चावणे, पचवणे, वाढणे सारेच हळू होते. एका ठरावीक तापमानाखाली तर वाढ जवळजवळ थांबते. या तापमानाला आपण वाढीचा उंबरठा म्हणू. दिवसाची सरासरी या उंबरठ्याच्या जितके अंश वर, तितकी त्या दिवसाची ‘कमाई’. ही रोजची कमाई बेरजेला धरायची. तिचे एकक ‘अंश-दिवस’.

ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञ मायरन झालुकी यांनी १९८२ साली मोनार्कचा हा हिशेब मांडला. उंबरठा सुमारे ११.५ अंश सेल्सिअस, आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सुमारे ३५० अंश-दिवस. आता गणित करून पाहा. सरासरी तापमान २६.५ अंश असेल तर रोजची कमाई १५; म्हणजे २३-२४ दिवस पुरतात. सरासरी १८.५ वर आली की कमाई ७, आणि लागतात ५० दिवस. तापमान ८ अंशांनी उतरले, पण मुदत दुपटीहून जास्त वाढली! रात्री पारा उंबरठ्याखाली गेला तर हा हिशेब थोडा चुकतो, पण दिशा तीच राहते.

मग बरणीला ऊब का देऊ नये? एक तर बंद बरणी उन्हात पटकन तापते, पाने सुकतात, अळी भाजून निघते. दुसरे कारण मोनार्कने शिकवले आहे. शरद ऋतूत दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या मोनार्कच्या पिढीत प्रजननाची तयारी लांबते आणि ती दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघते. शिकागोतल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवले, की घरात वाढवलेली मोनार्क चाचणीत दक्षिण दिशा धरत नाहीत. २०२१ साली कॅनडातल्या संशोधकांना मात्र बंदिस्त वाढवलेली फुलपाखरे मोकळी सोडल्यावर दक्षिणेकडे जाताना आढळली. वाद संपलेला नाही, पण मोनार्क भोवतालच्या उजेड-गारव्यावरून ऋतू वाचतो हे नक्की. आपला प्लेन टायगर मेक्सिकोला जात नाही. तो आपल्याकडे हिवाळ्यातही उडतो, अंडी घालतो. तरीही त्याचा ऋतू त्याच्यापासून काढून घेण्याचे कारण नाही.

म्हणून आम्ही सुचवतो ते असे. दोन-तीनच अळ्या आणा. गर्दीत रोग पसरतो. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून पाने शिक्षकांनीच तोडावीत आणि हात साबणाने धुवावेत. रुंद तोंडाच्या बरणीला पातळ कापड बांधा, आत एक काटकी उभी करा. पानाच्या देठाला ओला कापूस गुंडाळा, रोज ताजे पान द्या, विष्ठा काढा. बरणी व्हरांड्यात, सावलीत ठेवा. कात टाकण्याआधी अळी खाणे सोडून निश्चल होते. तेव्हा तिला हात लावू नका. अळी खाण्याआधी पानाची शीर कुरतडून चीक कसा अडवते, तेही मुलांना पाहू द्या.

रोजचे कमाल व किमान तापमान, कात टाकल्याची तारीख, कोष झाल्याची तारीख आणि कोषाचा रंग (हिरवा की गुलाबी) वहीत लिहा. हाच प्रयोग एकदा ऑक्टोबरात आणि एकदा डिसेंबरात करा. मोनार्कचे आकडे पुस्तकी आहेत; रुईवरच्या अळीचे आकडे तुमच्या वर्गाचे असतील. कधी अळीतून किंवा कोषातून फुलपाखराऐवजी माशीच्या अळ्या निघतील. तो प्रयोग फसला असे समजू नका. परजीवी माशीचा धडा आयताच मिळाला.

फुलपाखरू बाहेर आले की दुपारच्या उन्हात सोडा. सायंकाळच्या गारठ्यात त्याचे स्नायू काम करत नाहीत, आणि ते जमिनीवरच राहते.

बरणीत दोन-तीन फुलपाखरे वाढवल्याने त्यांची संख्या वाढत नाही. ती बांधावरच्या रुईवर अवलंबून असते. म्हणून बांध साफ करताना, पाचट पेटवताना एखादी रुई शिल्लक ठेवायला मुलांनी घरी सांगितले, तर या प्रयोगाचे चीज झाले असे आम्ही समजू.