न भरणाऱ्या जखमा आणि प्राणवायूचा उपचार

पायाची जखम महिनोन्‌महिने भरून येत नाही, पाय काढावा लागेल असे डॉक्टर सुचवितात आणि अशा वेळी कोणीतरी सांगते, ‘ऑक्सिजनच्या पेटीत ठेवा, पाय वाचेल.’ ही आशा घेऊन अनेक कुटुंबे आमच्याकडे येतात. असे यंत्र रुग्णालयात असावे, अशी इच्छा काही दात्यांनीही व्यक्त केली आहे. म्हणून ‘हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी’, म्हणजेच अतिदाब प्राणवायू उपचार, याविषयी निवेदन करणे आम्हांस उचित वाटते.

जखम भरून येण्यास आणि जंतूंचा प्रतिकार करण्यास पेशींना प्राणवायू लागतो. तो मुख्यत्वे रक्तातील हिमोग्लोबिन वाहून नेते. निरोगी माणसात ते आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. मात्र दाब वाढविला की वायू द्रवात अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. साधी हवा घेताना १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास तो सुमारे ६ मिलिलिटर होतो. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यविशारद डॉ. बूरेमा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे अशा दाबाखाली जिवंत राहिली.

उपचारात रुग्णास बंद कक्षात, सामान्यतः दोन ते अडीच पट दाबाखाली, दीड ते दोन तास शुद्ध प्राणवायू दिला जातो. जुन्या जखमांसाठी अशा २० ते ४० बैठका लागतात. घाट उतरताना बसतात तसे कानांस दडे बसतात. काहींची दृष्टी तात्पुरती बदलते, क्वचित झटके येतात. आगीचा धोका सर्वांत गंभीर होय. १९९७ मध्ये इटलीतील मिलान येथे अशा कक्षास आग लागून ११ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच सुती कपडे घालणे आणि तेल, काडेपेटी, मोबाइल बाहेर ठेवणे हे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात.

पाणबुड्यांना होणारा दाबबदलाचा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन आणि किरणोपचाराने झालेली इजा यांत हा उपचार वापरला जातो. मधुमेही पायाबाबत मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत. स्वीडनमधील २०१० च्या अभ्यासात हा उपचार घेतलेल्या ५२ टक्के रुग्णांची जखम वर्षभरात भरली. केवळ दाबाखालील हवा घेतलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. नेदरलँड्समधील २०१८ च्या अभ्यासात, रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णांत, असा ठोस लाभ सिद्ध झाला नाही.

याचा अर्थ हा उपचार निरुपयोगी आहे असा नव्हे. तो निवडक रुग्णांसाठी पूरक आहे. रक्तवाहिनी बंद असेल तर प्रथम ती मोकळी करावी लागते. मृत भाग काढणे, साखर आटोक्यात आणणे आणि जखमेवरील भार हलका करणे यांस पर्याय नाही. योग्य रुग्णास आम्ही ही सुविधा असलेल्या केंद्राकडे पाठवितो. पाय नक्की वाचेल, असे आश्वासन मात्र देत नाही. खोट्या आशेपायी कुटुंबाने शेत गहाण टाकावे, हे आम्हांस मान्य नाही.

बधिर पायास काटा टोचल्याचे कळत नाही; मंदिराच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजले तरी उमगत नाही. बहुतेक पाय तेथेच, अगदी आरंभी, गमावले जातात. म्हणून आमची दात्यांना नम्र विनंती आहे, की यंत्रापूर्वी मधुमेहींची पायतपासणी, मलमपट्टी व मऊ तळव्यांची पादत्राणे यांसाठी हातभार लावावा. आणि रुग्णांच्या आप्तांना एवढेच सांगणे, की रोज रात्री दोन मिनिटे उजेडात पाय पाहावेत. जखम दिसताच यावे. ती काळी पडेपर्यंत थांबू नये.