विमानतळाची उधारी

मुरुमच्या बाजारात माझं तिकिटं काढून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक पूर्वी पुण्याची बस, नाहीतर सोलापूरहून रेल्वे विचारायचं. हल्ली सोलापूरच्या विमानाचीही चौकशी होते आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "पण टिकंल का ओ?"

शंका रास्त आहे. विमानतळ आणि विमान कंपनी यांचा बराच व्यवहार उधारीवर चालतो. विमान उतरलं की त्याचे पैसे, उभं राहिलं की त्याचे वेगळे. शिवाय तिकिटावर 'यूडीएफ' अशी एक ओळ असते, ते विमानतळ वापरल्याचं शुल्क. पैसा विमानतळाचा, पण प्रवाशाकडून घेते कंपनी आणि नंतर पोचता करते. आमच्या आडतीत शेतकऱ्याची पट्टी व्यापाऱ्याकडे अडकते, तसाच हा प्रकार. म्हणून विमानतळ अनामत किंवा बँकेची हमी घेऊन ठेवतो. थकबाकी वाढली की उधारी बंद. एके काळी सोलापुरात उतरणाऱ्या किंगफिशरला अखेरच्या दिवसांत विमानतळ प्राधिकरणाने रोखीवर आणलं होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये तिची विमानं थांबलीच.

कंपनीलाही भरवसा लागतोच. धावपट्टी धड हवी, अग्निशमनाची गाडी हवी, विमानाच्या वाटेत अडथळा नको. सोलापुरात सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली, त्यावरून केवढं रणकंदन झालं! पुढे 9 जून 2025 रोजी फ्लाय91चं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात स्टार एअरचं मुंबईचं. मुंबईच्या फेरीचा तोटा भरून द्यायला राज्य सरकार पुढे आलं.

खरी मेख इथेच आहे. केंद्राच्या 'उडान' योजनेत काही जागांचं भाडं बांधून देतात आणि कंपनीची तूट साधारण तीन वर्षं सरकार भरतं. 27 एप्रिल 2017 रोजी, योजनेच्या पहिल्याच दिवशी, ट्रूजेटचं नांदेड–हैदराबाद विमान उडालं; 2022 मध्ये ट्रूजेटच बंद पडली. सिंधुदुर्गात चिपीला ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईचं विमान आलं आणि तीन वर्षांची मुदत सरताच थांबलं.

आमच्या जिल्ह्याचं तर विचारूच नका. धाराशिवचा विमानतळ 2009 मध्ये नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामतीसह रिलायन्स समूहाच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिला. धाराशिवला नियमित प्रवासी विमान काही आलं नाही. कागद पक्का असला म्हणून विमान येत नसतं.

अनुदान आहे तोवर कुणीही येईल. ते सरण्याआधी विमानतळाने या भागातून कोण, कुठे, किती वेळा जातं याचा खरा हिशेब कंपनीपुढे मांडावा. कंपनीने वेळापत्रक पाळावं आणि फेरी रद्द करायची तर आधी सांगावं. एकदा ऐनवेळी विमान रद्द झालं की ते गिऱ्हाईक माझ्याकडे पुन्हा विमानाचं तिकीट मागत नाही, गुपचूप बसचं काढतं.